चौदाशे छत्तीस प्रलंबित तक्रारी

मंगळवारी सकाळी दाढी झाल्यावर आणि पेपर यायच्या आधी सचिवांच्या लॅपटॉपने घसा खाकरला. आतला पंखा अडखळला असणार, पण सचिवांनी त्याचा वेगळा अर्थ लावला. असं खाकरणाऱ्याला काहीतरी शेवटचं सांगायचं असतं, असं त्यांचं मत झालं, आणि त्यांचं मत एकदा झालं की ते इतिवृत्तात नोंदवून मंजूर झाल्यासारखं पक्कं होत असे.

सचिव म्हणजे अठ्ठेचाळीस फ्लॅटांच्या एका इमारतीचे सचिव. पहिल्या वर्षी ते बिनविरोध निवडून आले आणि पुढची दहा वर्षं त्यांच्या जागी कुणी उभंच राहिलं नाही. त्याआधीची सारी हयात त्यांनी एका ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्यात घालवली होती. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू चिठ्ठीशिवाय दिसली की त्यांना अस्वस्थ वाटे. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ', साखरेच्या बरणीवर 'साखर' आणि एका रिकाम्या बरणीवर 'रिकामी' अशी चिठ्ठी होती. पुढे बायकोने त्या बरणीत मिरी भरली, पण चिठ्ठी काही केल्या निघेना. तेव्हापासून त्या घरात मिरी हवी असली की "ती रिकामी दे जरा" असं म्हणतात.

इमारतीतल्या तक्रारींनाही त्यांनी असंच वळण लावलं होतं. तोंडी तक्रार घ्यायची नाही, ईमेलच करायचा. आलेल्या प्रत्येक पत्राला ते खूण लावत. पाणी, जिना, वाहनतळ, आवाज, शेजारी. काम झालं की 'निकाली'. हे सगळं त्यांना भाचीने कॉलेजात असताना बसवून दिलं होतं. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करायचा आणि प्रोग्रामने तो पाळायचा, अशी व्यवस्था. घरात दुसरं कुणी हुकूम पाळत नसल्यामुळे सचिवांना ती फार आवडली होती. भाचीने आणखी एक सोय केली होती. दर शुक्रवारी सकाळी दहाला प्रोग्राम सगळ्या तक्रारी चाळे, आणि जिच्यावर 'निकाली' नसेल तिच्या मालकाला आपोआप दिलगिरीचं पत्र धाडे. अशी पत्रं आठवड्याला पंधरा-सतरा जात.

लॅपटॉप खाकरल्याबरोबर सचिवांनी भाचीला फोन लावला. ती आता दुसऱ्या शहरात मोठ्या नोकरीत होती.

"मामा, पत्रांची काळजी नको," ती म्हणाली. "ती सर्व्हरवर आहेत. मशीन मेलं तरी परत उतरवून घेता येतील. पण तुझे टॅग फक्त त्या मशीनमध्ये आहेत."

"टॅग म्हणजे खुणा?"

"हो, खुणा. मशीन गेलं की खुणा गेल्या. पत्रं राहतील, पण कुठलं कशाचं आणि कुठलं निकाली ते कळणार नाही."

सचिवांना बसावंसं वाटलं. ते बसलेलेच होते, म्हणून ते उठून पुन्हा बसले. अकरा वर्षांचं काम, आणि त्याची दुसरी प्रत नाही. ग्रंथालयात एखाद्या कारकुनाने असा प्रकार केला असता तर त्यांनी त्याला मेमो दिला असता.

भाचीने दोन ओळी सांगितल्या आणि सचिवांनी त्या पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर शाईने उतरवून घेतल्या. पहिली ओळ 'डंप'ची. सगळ्या खुणा एका साध्या फाइलमध्ये काढून ठेवणारी. दुसरी 'रिस्टोअर'ची. त्याच फाइलवरून खुणा परत चढवणारी.

"दुसरी ओळ गरज पडल्याशिवाय चालवू नकोस," भाची म्हणाली. "तिच्यामुळे आत्ताच्या खुणा जातात आणि फाइलमधल्या येतात."

सचिवांनी पुठ्ठ्यावर 'गरज पडल्यास' असं लिहून खाली रेघ मारली.

"डंप म्हणजे कचऱ्याचा ढीग ना?" बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं. "मग आता बरं वाटेल. कधीपासून सांगतेय."

सचिवांनी पहिली ओळ टाइप केली. काळी खिडकी क्षणभर थांबली आणि काहीही न बोलता पुढच्या ओळीवर गेली. फाइल तयार झाली होती. इथे थांबले असते तर ही गोष्ट पाच मिनिटांत संपली असती आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं. पण फाइल झाली म्हणजे ती उघडून बघायला नको का?

उघडली, तर आत 'पाणी' नव्हतं, 'जिना' नव्हता, 'निकाली' तर नव्हतंच. ओळीमागून ओळी नुसत्या टक्क्यांच्या. टक्का ई शून्य, टक्का ए चार, टक्का नऊ एक, असं पानंच्या पानं. वाळवी लागलेलं पुस्तक उघडावं तसं सचिवांना झालं.

नेमके त्याच वेळी समोरच्या फ्लॅटमधले ऑडिटर पेपर मागायला आले. ऑडिटर निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण तपासणीची सवय निवृत्त झाली नव्हती. दुसऱ्याच्या घरात पाऊल ठेवताक्षणी त्यांची नजर कशातली तरी चूक शोधू लागे. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले आणि बराच वेळ पाहिलं.

"टक्के आहेत," ते म्हणाले.

"ते मलाही दिसतंय."

"टक्क्याचं चिन्ह आकड्याच्या आधी आहे. ते नंतर असतं. इथेच पहिली चूक." मग त्यांनी एका ओळीतले आकडे मनातल्या मनात मांडले. "आणि बेरीज शंभर येत नाही. कुठल्याच ओळीत येत नाही. सचिव, हे टक्के इथले नव्हेत. कुठून तरी घुसलेत."

आता खरी गोष्ट अशी होती की त्या टक्क्यांमध्येच खुणा होत्या. मराठी अक्षरं साध्या फाइलमध्ये बिघडू नयेत म्हणून प्रोग्राम त्यांना अशा आकड्यांच्या बुरख्यात ठेवतो आणि परत चढवताना बुरखा काढतो. हे भाचीला ठाऊक होतं. पण सकाळी नवाला भाचीला दुसऱ्यांदा फोन करणं सचिवांना कमीपणाचं वाटलं, आणि ऑडिटर तर फुकट हजर होते.

त्यांच्या सल्ल्याने सचिवांनी 'सगळीकडे बदला' ही सोय वापरली. टक्का शोधायचा, त्याच्या जागी काहीच नाही. चौसष्ट हजार नऊशे बारा टक्के निघाल्याचं यंत्राने कळवलं. ऑडिटरांनी तो आकडा पेपरच्या कडेला लिहून घेतला. फाइल स्वच्छ दिसू लागली. तीतलं अजूनही काही कळत नव्हतं, पण स्वच्छ होती.

"आता तीन प्रती करा," ऑडिटर म्हणाले. "एक घरात, एक दुसऱ्या खोलीत, एक घराबाहेर. नियम आहे तसा."

सचिवांनी फाइल त्याच नावाने साठवली, म्हणजे मूळची होती ती गेली, आणि तिच्या तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपमध्ये, एक बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या पेन ड्राइव्हवर आणि एक ऑडिटरांच्या कपाटात. तिन्ही ठिकाणी तीच बिघडलेली फाइल नियमानुसार सुरक्षित झाली.

"आणि परत चढवून बघितलं का?" ऑडिटरांनी विचारलं.

"त्याची गरज पडल्यासच..."

"सचिव, जो बॅकअप परत चढवून बघितला नाही तो बॅकअपच नव्हे. आम्ही एका कार्यालयात आग विझवायचं यंत्र तपासलं होतं. वीस वर्षं भिंतीवर. उघडलं तर आत झुरळं."

हा सल्ला मात्र शंभर टक्के बरोबर होता. या साऱ्या प्रकरणात ऑडिटरांनी दिलेला तेवढा एकच बरोबर सल्ला, आणि इमारतीचं सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केलं. सचिवांनी पुठ्ठ्यावरची दुसरी ओळ टाइप केली. काळी खिडकी पुन्हा काही न बोलता पुढे गेली. ऑडिटरांनी आधीची आणि नंतरची पत्रं मोजायला लावली. चौदाशे छत्तीस आणि चौदाशे छत्तीस.

"जुळलं," ते म्हणाले, आणि पेपर घेऊन गेले.

मग सचिवांनी लॅपटॉप बंद करून दुरुस्तीवाल्याकडे पंखा साफ करायला टाकला. दुरुस्तीवाल्याने तो बुधवारी देतो म्हणून गुरुवारी देतो म्हटलं आणि शुक्रवारी सकाळी साडेनवाला दिला. घरी येऊन सचिवांनी तो टेबलावर ठेवला, उघडला, चालू केला. पंखा अगदी गप्प झाला होता. समाधानाने त्यांनी बायकोला हाक मारून तो न येणारा आवाज ऐकवला. तोवर दहा वाजले.

प्रोग्रामने नेमून दिल्याप्रमाणे तक्रारी चाळल्या. 'निकाली' अशी खूण त्याला एकाही पत्रावर सापडली नाही. तिच्या जागी ई-शून्य-ए-चारने सुरू होणारं एक लांबलचक शेपूट होतं, आणि त्याचा अर्थ त्याला कुणी सांगितलेला नव्हता. तेव्हा अकरा वर्षांतली प्रत्येक तक्रार प्रलंबित आहे असं त्याने प्रामाणिकपणे मानलं आणि प्रत्येकीला पत्र धाडलं:

'महोदय/महोदया, आपली तक्रार अद्याप प्रलंबित आहे. दिरंगाईबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहोत. येत्या आठवड्यात प्रत्यक्ष भेटून तिचे निवारण करण्यात येईल. सदर:' आणि सदराच्या पुढे, जिथे एरवी 'पाणी' किंवा 'जिना' अशी खूण छापली जाई, तिथे ते शेपूट.

पहिला फोन सव्वादहाला आला. बोलणारा तिसऱ्या मजल्यावरचा विमा एजंट होता. त्याने सात वर्षांपूर्वी शेजारच्या कुत्र्याच्या भुंकण्याबद्दल लिहिलं होतं. कुत्रा जाऊन पाच वर्षं झाली होती. "निवारण कसं करणार आहात तेवढं कळलं तर बरं," एजंट म्हणाला. त्यानंतर एक माजी रहिवासी, फ्लॅट विकून सहा वर्षं झालेला, दुसऱ्या शहरातून. "तुम्ही अजून आठवण ठेवलीत, बरं वाटलं. भेटायला येणारच असाल तर माझ्या इथल्या घराचाही नळ गळतोय." तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना एकट्यांना त्र्याऐंशी पत्रं आली होती. ते दोन रुग्णांच्या मधल्या वेळेत तक्रारी लिहीत, आणि त्यांच्याकडे रुग्ण कमी होते.

सचिवांनी ताबडतोब सर्वांना खुलासा पाठवायचं ठरवलं, तर पत्र जाईना. चौदाशे छत्तिसावं पत्र निघून गेल्यावर ईमेल कंपनीला संशय आला होता आणि तिने त्यांचं खातं बंद केलं होतं. सचिव कंपनीच्या कार्यालयात गेले. तिथे नंबराची चिठ्ठी घेऊन दीड तास बसले. खिडकीतल्या बाई फार नम्र होत्या.

"खातं तुमचंच आहे याचा पुरावा लागेल, सर."

"मी समोर उभा आहे."

"ते दिसतंय, सर. पण तुम्ही म्हणजे खातेदार, हे लागेल. नोंदवलेल्या पत्त्यावरून आम्हाला एक ईमेल करा, लगेच सुरू करून देते."

"नोंदवलेला पत्ता म्हणजे जो तुम्ही बंद केलाय तो."

"हो, सर."

"मग त्यावरून ईमेल कसा करू?"

"तो सुरू झाला की करा, सर."

सचिवांनी ग्रंथालयात पस्तीस वर्षं काढली होती. हरवलेल्या पुस्तकाचा शोध घ्यायला त्याच पुस्तकाचा क्रमांक मागणारे त्यांनी पाहिले होते. खरं सांगायचं तर स्वतःही तो मागितला होता. त्यामुळे ते भांडले नाहीत. एक अर्ज भरून परत आले.

संध्याकाळी ऑडिटरांच्या मदतीने त्यांनी कागदी नोटीस तयार केली आणि फलकावर लावली. मसुदा ऑडिटरांचा होता. 'शुक्रवारची पत्रे तांत्रिक चुकीमुळे गेली आहेत. कोणाचीही कोणतीही तक्रार प्रलंबित नाही.' पहिलं वाक्य खरं होतं. दुसरं वाक्य वाचून, ज्यांच्या छतातून खरोखरच पाणी झिरपत होतं ते सतरा जण खाली उतरले. चुकीने माफी मागितली तेव्हा लोक हसले होते. चुकीने निर्दोष ठरवून घेतल्यावर कुणी हसलं नाही.

शनिवारी दातांचे डॉक्टर वर आले. त्यांच्या हातात कागद होता. कामावरचा पांढरा अंगरखा त्यांनी घातला होता, म्हणून सचिवांचा हात आपोआप गालाकडे गेला.

"सचिव, ते शेपूट वाचता येतं," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "दर दोन अक्षरांच्या आधी टक्का घालायचा आणि इंटरनेटवर एका ठिकाणी टाकायचं. मराठी होतं त्याचं."

सचिवांना एकदम काहीतरी आठवलं.

पाणी, जिना, आवाज या खुणा उघड होत्या. त्यांखेरीज सचिवांच्या स्वतःपुरत्या चार खुणा होत्या. सूचिकाराच्या मनात येतं ते कुठेतरी नोंदवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. 'ऐकून-घ्यायचं', 'पुन्हा-तेच', 'चोंबडा' आणि 'बरोबर-आहे-पण' या त्या चार. पत्रात या चार खुणा छापायच्या नाहीत, असं भाचीने प्रोग्रामला बजावून ठेवलं होतं. पण बुरख्यातल्या खुणा प्रोग्रामने ओळखल्या नाहीत आणि छापून मोकळा झाला.

"माझ्या आठ पत्रांवर 'चोंबडा' आहे," डॉक्टर म्हणाले. "उरलेल्या पंचाहत्तरांवर 'पुन्हा-तेच'."

सचिवांना नाकारता येण्यासारखं नव्हतं. स्वतःचीच लेखी नोंद होती.

"आठ कुठली ते बघितलं मी," डॉक्टर पुढे म्हणाले. "त्यातल्या पाचांबद्दल माझं काही म्हणणं नाही. तीन अन्यायाची आहेत." आणि ते खाली गेले. जाताना शेपूट वाचायची पद्धत मात्र त्यांनी फलकावर सुवाच्य अक्षरात लिहून ठेवली.

रविवारभर फलकाजवळ गर्दी होती. लोक फोन हातात घेऊन आपापलं शेपूट सोडवत होते. काहींनी सचिवांशी बोलणं सोडलं. पहिल्या मजल्यावरच्या शिंपीणबाई जिन्यात आडव्या आल्या. त्यांच्या चारही पत्रांवर फक्त 'पाणी' आणि 'निकाली' एवढंच निघालं होतं.

"बाकी काही नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही. सरळ तक्रार होती."

"अकरा वर्षांत माझ्याबद्दल तुमच्या मनात एकदाही काही आलं नाही म्हणजे," त्या म्हणाल्या, आणि हा ठपका सचिवांना डॉक्टरांच्या ठपक्यापेक्षा जड गेला, कारण तो खरा होता.

घरी येऊन त्यांनी अखेर भाचीला फोन केला.

"मामा, टक्के कुणी काढले?"

"ऑडिटरांनी."

"का?"

"शंभर भरत नव्हते."

हसू ऐकू येऊ नये म्हणून पलीकडे भाचीने फोन तोंडापासून दूर धरला असावा. मग ती म्हणाली, "अक्षरं आहेत ना शाबूत? मग टक्के परत घालता येतील." तिने मामीच्या फोनवरून फाइल मागवून घेतली, एका ओळीचा हुकूम लिहिला आणि फाइल परत धाडली. सचिवांनी ती चढवली. पाणी, जिना, निकाली, सगळं जागच्या जागी परत आलं. लागलेला वेळ साडेसहा मिनिटं. तीन दिवस इमारत डोक्यावर घेणारा प्रकार साडेसहा मिनिटांत निस्तरला, याचं सचिवांना दुःखच झालं. निदान अर्धा दिवस तरी लागायला हवा होता.

पण गेलेली पत्रं काही परत येत नव्हती, आणि पत्रात लिहिलं होतं 'प्रत्यक्ष भेटून'. "लिहून दिलंय ना?" बायको म्हणाली. "मग जा." सोमवारी सकाळी सचिव वही घेऊन निघाले. बरोबर ऑडिटर होते, 'प्रत्यक्ष पडताळणी' म्हणून. लोकांनी कुठे चहा दिला, कुठे दारातच उभं ठेवलं. कुठे कुत्र्याची आठवण निघाली. वहीत मात्र एक विचित्र गोष्ट जमा होऊ लागली. 'निकाली' म्हणून खूण असलेल्या बऱ्याच गोष्टी निकालात निघालेल्याच नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी अजून लागत नव्हती. वाहनतळातला दिवा अजून लुकलुकत होता. माणसं लिहून लिहून दमली होती, एवढंच. त्यांची पत्रं थांबली की सचिव काही दिवस वाट बघत आणि 'निकाली' लावत. ऑडिटर वहीत बघत राहिले. जिन्यात थांबून त्यांनी चष्मा पुसला, नुसता.

शेवटी चौथा मजला. तिथे एक निवृत्त मुख्याध्यापिका एकट्या राहत. तक्रारी त्यांच्या नव्हत्या, त्यांच्या यजमानांच्या होत्या. एकूण सहा, सगळ्या एकाच विषयावर. तिसऱ्या मजल्यावरून चौथ्यावर येताना जिन्याचा कठडा हलतो. यजमानांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यांचा ईमेल बाई अजून रोज सकाळी उघडत.

त्यांनी पत्राची छापील प्रत टेबलावर ठेवली होती. तिच्यावर लाल शाईने खुणा होत्या. 'निवारण करण्यात येईल'च्या खाली दुहेरी रेघ, आणि समासात 'कोण करणार?'

"बसा," बाई म्हणाल्या. दोघे बसले. ऑडिटरसुद्धा ताठ बसले. "वाक्यात कर्ता नाही. असं वाक्य लिहिणाऱ्याला काही करायचं नसतं, हे मी मुलांना सांगत असे."

"चूक झाली, बाई."

"ती सोडा. हे शेपूट काय आहे? डॉक्टरांनी पद्धत लिहिलीय, पण मला जमली नाही. आणि दुसऱ्या कुणाला हे वाचायला द्यायचं नव्हतं मला. तुम्हीच सांगा. यांच्या पत्रावर तुम्ही काय लिहिलं होतं?"

सचिवांना ती खूण ठाऊक होती. सहाही पत्रांवर तीच होती. खोटं बोलता आलं असतं. बाईंना कळलंही नसतं. पण नोंद खोटी सांगायची सवय त्यांना पस्तीस वर्षांत लागली नव्हती.

"'बरोबर आहे, पण'," ते म्हणाले.

"पण काय?"

पण काय, ते सचिवांना खरंच आठवेना. पावसाळ्यानंतर बघू? इतर कामं निघाली होती? की पत्राचा सूर चढा होता? सहा पत्रांवर त्यांनी 'पण' लिहिलं होतं आणि त्या 'पण'च्या पुढे एकदाही काही नव्हतं.

"बरोबर आहे," ते शेवटी म्हणाले.

बाईंनी मान हलवली. "शेवटच्या दिवसांत ते तिथे धरून उभे राहायचे. दम घ्यायला. तो हलायचा म्हणून भिंतीला टेकायचे."

उतरताना सचिवांनी कठड्यावर हात ठेवला. तो सैल दातासारखा हलला. मग त्यांच्या लक्षात आलं की टाकी बघायला गच्चीवर जाताना या जिन्यात ते स्वतः कित्येक वर्षं भिंतीच्या बाजूनेच चालत आले आहेत. कठडा हलतो हे पायांना ठाऊक होतं. सचिवांना तेवढं कुणी कळवलं नव्हतं, असं मात्र म्हणता येत नव्हतं.

मंगळवारी सुतार आला. सचिवांना वाटत होतं की हे मोठं काम आहे, तीन ठिकाणचे दर मागवावे लागतील, सभेत ठराव लागेल. सुताराने कठडा दोनदा हलवला, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चार स्क्रू नाहीत." पंचवीस मिनिटांत त्याने लाकडात नवीन लाकूड ठोकून चार स्क्रू बसवले. पंचवीस मिनिटं सचिव पायरीवर उभे होते. सुताराच्या हातोड्याच्या आवाजाने वरचं दार उघडलं. बाई उतरल्या, मधल्या पायरीवर थांबल्या, दोन्ही हातांनी कठडा धरून त्यावर अंगाचा सगळा भार टाकला. तो जागचा हलला नाही. त्या तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "यांनी आणखी एक पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवायचं राहून गेलं. मला मध्यंतरी सापडलं. आता पाठवलं तर चालेल का?"

"पाठवा," सचिव म्हणाले. "खातं चालू झालं की बघतो."

ईमेल कंपनीने खातं गुरुवारी चालू केलं. कुणी, कशावरून, हे शेवटपर्यंत कळलं नाही. शुक्रवारी सकाळी दहाला भाचीच्या व्यवस्थेने नेहमीप्रमाणे दिलगिरीची पत्रं धाडली. या खेपेला ती सतरा नव्हती, दोनशे अठ्ठावीस होती, आणि या वेळी ती चुकीने गेली नव्हती. वही समोर ठेवून सचिवांनी दोनशे अकरा पत्रांवरून 'निकाली' काढून टाकलं होतं. वाक्यही बदललं होतं. 'निवारण मी करीन', असं.

त्यानंतर दहा मिनिटांनी एक पत्र आलं. पाठवणारे चौथ्या मजल्यावरचे यजमान.

'माननीय सचिव,' पत्रात होतं. 'कठड्याबद्दल सहा वेळा लिहूनही आपण काही केले नाही, तेव्हा हेही व्यर्थ आहे याची मला खात्री आहे. तरी कळवतो. मागच्या फाटकाची बिजागरी कुरकुरते. पहाटे दूधवाला आला की माझी पत्नी जागी होते. ती बोलत नाही, पण तिची झोप मोडते. थेंबभर तेलाचे काम आहे. मी स्वतः केले असते, पण हल्ली मला खाली उतरवत नाही. आपला, इत्यादी.'

सचिवांनी पत्र दोनदा वाचलं. काळी खिडकी उघडी होती आणि खूण लावायची वाट बघत होती. त्यांनी ती तशीच ठेवली, स्वयंपाकघरात गेले आणि बायकोला शिवणयंत्राच्या तेलाची कुपी मागितली.

"कशाला?" बायकोने विचारलं.

"फाटक कुरकुरतंय," ते म्हणाले, आणि चपला घालून खाली उतरले.